सून पान्यात हाये

लग्न होऊन मी अकोल्याला जठारपेठेत आले, तेव्हा गल्लीतल्या बायका सून बघायला आल्या. चहा झाला, साडी कुठली, माहेर कोणतं, सगळं विचारून झालं, आणि शेवटी एकीने विचारलं, "नोकरी करते म्हने सून?"

"हाव," माझ्या सासूबाई म्हणाल्या. "पान्यात हाये."

आता हे खोटं नव्हतं. पण ऐकणारीला वाटलं, नळाचं पाणी. तिने लगेच आपल्याकडे नळाला धार कशी बारीक येते ते सांगायला सुरुवात केली. मी म्हणणार होते, अहो मावशी, तुमच्याकडे येणारं पाणी नाही, तुमच्याकडून जाणारं पाणी माझ्याकडे असतं. तेवढ्यात सासूबाईंनी बशी पुढे सरकवली. "चिवडा घे वं." त्या घरात चिवडा विषय बदलायला वापरतात हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

सासू सुनेला पाण्यात पाहते म्हणतात. माझी सासू मला पाण्यात पाहत नव्हती. उलट सकाळी माझ्या आधी उठून माझा डबा भरायची, आणि माझ्या नवऱ्याला वांग्याच्या भाजीतलं एक वांगं कमी मिळायचं. फक्त चारचौघांत ती मला पाण्यात सांगायची. मला त्याचा राग यायचा. मला राग तसा लवकरच येतो. मी नांदगाव खंडेश्वरची. आमच्याकडे लाडसुद्धा भांडल्यासारखे करतात. पण या गोष्टीवर सासूबाईंशी भांडता येत नव्हतं, कारण त्या भांडायच्याच नाहीत. चिवडा द्यायच्या.

मी केमिस्ट आहे. शहर संपतं तिथे मोर्णा नदीच्या काठी आमचा प्लँट आहे. शहरातल्या न्हाण्या, मोऱ्या, संडास यांचं पाणी जमिनीखालच्या गटारांतून आमच्याकडे येतं. पूर्वी ते नाल्यानाल्याने सरळ मोर्णेत पडायचं. आता आधी जाळ्यांवर येतं. तिथे चिंध्या, प्लास्टिक, कधी एखाद्या पोरीचं पैंजण अडकतं. मग ते मोठ्या टाकीत जातं. टाकीच्या तळातून सारखी हवा सोडलेली असते, आणि त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. ते घाण खातात. खरंच, एवढंच आहे ते. खाऊन पिऊन त्यांचे पुंजके झाले की पुढच्या शांत टाकीत तळाशी बसतात, वर नितळ पाणी उरतं आणि ते नदीत जातं. लोकांना वाटतं मशीन पाणी साफ करते. मशीन नुसती हवा घालते, काम किडे करतात.

आमचा ऑपरेटर तेल्हाऱ्याचा, घरी कपाशी आणि गोठ्यात बैलजोडी असलेला. तो या किड्यांना ढोरंच म्हणतो. सकाळी ड्यूटीवर आला की टाकीच्या कठड्याला टेकून विचारणार, "काय मॅडम, ढोरं चरून राहिले ना?" मी काचेच्या उंच जारमध्ये टाकीतलं पाणी घेऊन थोडा वेळ तसंच ठेवते. ढोरांची तब्येत बरी असेल तर खाली काकवीच्या रंगाचा गाळ बसतो आणि वर असं पाणी उरतं की पलीकडे धरलेला पेपर वाचून घ्यावा. वासही असा की कोणी नाक मुरडू नये. जुन्या उकिरड्याच्या तळची माती उकरली की येतो तसा मातकट वास. मला तो आवडतो, पण हे मी घरी कधी बोलले नव्हते.

सासूबाईंचं माहेर याच मोर्णेच्या काठी, अकोल्याच्या खालच्या अंगाला. म्हणजे आमचं शहर जे सोडतं ते वाहत वाहत त्यांच्या माहेरी पोचतं. लहानपणी त्या याच नदीत भुलाबाई बोळवायच्या. भुलाबाई आमच्या वऱ्हाडातल्या पोरीबाळींची. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी मांडायचा, आणि पुढे महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणायची. गाणी झाली की त्या घरचा खाऊ ओळखायचा. खाऊ झाकलेल्या डब्यात असतो. डबा हलवायचा, कान लावायचा, झाकणाच्या फटीला नाक लावायचं आणि नाव घ्यायचं. ओळखल्याशिवाय खाऊ मिळत नाही. कोजागिरी झाली की दुसऱ्या दिवशी भुलाबाई पाण्यात जाते. निदान आमच्या घरी तरी असंच आहे.

पण सासूबाई लग्न होऊन अकोल्यात आल्या, मागाहून नदी काळी पडत गेली, आणि भुलाबाई बादलीत जायला लागली. अंगणात बादली, बादलीत भुलाबाई, आणि ते पाणी कढीपत्त्याच्या झाडाला. आमच्या कढीपत्त्याला भुलाबाईने इतकी वर्षं पोसलंय की त्याच्या फोडणीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तरी माती विरघळायला लागली की सासूबाई तोंड फिरवायच्या. "औंदा बी बादलीतच बुडाली वं माय," असं म्हणायच्या आणि आत जायच्या. माहेरी गेल्या तरी नदीकडची वाट टाळायच्या, आणि टाळता आली नाही तर नाकाला पदर लावून चालायच्या.

गेल्या भादव्यात मात्र माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. त्या महिन्यात प्लँट असा चालला होता की विचारू नका. पाणी नदीत पडतं तिथे तळाचे गोटे दिसत होते, बोटाएवढे मासे फिरत होते. मी जेवताना म्हणाले, "आई, औंदा भुलाबाई बादलीत नाई. तुमच्या माहेरी नेऊ, नदीत बोळवू."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "नाकाले पदर लावा लागला त?"

"नाई लागणार."

"लागला त तिथूनच वापस आनीन भुलाबाई. अन् मंग या घरात नदीचं नाव काढाचं नाई, सांगून ठेवतो."

आमच्याकडे बायकाही 'सांगतो, येतो' असंच म्हणतात. पुण्याची माझी एक मैत्रीण हे ऐकून दचकते. पण सासूबाईंनी नुसतं सांगून ठेवलं नाही. दुसऱ्याच दिवशी माहेरी फोन केला. तिथे त्यांची लहानपणीची मैत्रीण आहे, गावातल्या गावात दिलेली. तिला सांगितलं, कोजागिरी झाली की भुलाबाई घेऊन येतो, पोट्ट्या जमा करून ठेव. मग गल्लीतल्या बायकांना सांगितलं. मग काळीपिवळी जीपवाल्याला सांगून गाडी ठरवली. मी बघत राहिले. माझ्या एका वाक्यावर त्या बाईने भरल्या गावात आपलं नाक पणाला लावलं होतं.

पितृपक्ष सरत आला, आणि मी विसरले होते ते झालं. घट बसायच्या आधी आपल्याकडे घर धुतात. नुसतं झाडत नाहीत, धुतात. गोधड्या, चादरी, पडदे, पायपुसणी, डब्यांचे डबे, फरश्या, मोऱ्या, संडास. एक घर नाही, सारं शहर, आणि तेही एकाच दोन-चार दिवसांत. साबण, सोडा, ॲसिड, फिनाईल, सगळं एकदम गटारात.

मी सकाळी प्लँटवर गेले तर टाकी दिसेना. नुसता फेस. कठड्यावरून उतरून फेस रस्त्यावर आला होता आणि ऑपरेटर त्यात गुडघ्याएवढा बुडून पाण्याचा फवारा मारत होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, शिमला पाहाले जाची गरज नाई." मला हसू आलं नाही. जार भरला. गाळ खाली बसेचना. राखाडी ढग तसाच तरंगत राहिला आणि नाकाशी नेला तर सडक्या अंड्याचा वास. ढोरं चरत नव्हती. अर्धी मेली होती, उरलेली आजारी होती, आणि आमचं गढूळ पाणी नदीत, सासूबाईंच्या माहेराकडे चाललं होतं.

संध्याकाळी घरी आले तर घर लखलखत होतं. दारातच फिनाईलचा भपकारा. सासूबाई कमरेला पदर खोचून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. "पाय पूस अन् मंग आत ये. संडास पाह्य जाऊन, आरशावानी झाला."

माझं डोकंच फिरलं. "आई, तुमी माहे किडे मारले!"

"कोनते किडे?"

"टाकीतले! फिनाईल टाकून टाकून सारे मारले तुमी!"

"बाप्पा!" सासूबाई म्हणाल्या. "किडे मेले त रडून कावून राहिली? किडे मारासाठीच त फिनाईल असते!"

मी पायपुसणं आपटलं, खाली बसले आणि लग्न झाल्यापासून जे सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. मी नेमकं काय काम करते, कशात हात घालते, किडे काय खातात, मेले की काय होतं, आणि आता कोजागिरीला नदीचं काय होईल. मोठ्याने सांगितलं. खिडक्या उघड्या होत्या. सासूबाईंचा हात दोनदा चिवड्याच्या डब्याकडे गेला आणि दोन्ही वेळा मी म्हणाले, "नको मले चिवडा!"

शेवटी त्या माझ्यासमोर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मंग आता?"

"आता शेण अन् गूळ."

"गूळ? बाळंतिणीले देतेत तसा?"

"तसाच. शेणातून नवे किडे येतात, गुळाने त्यांना जोर येतो."

"मंग अशी सांग ना," सासूबाई म्हणाल्या. त्यांना आजारपण कळतं. किड्यांचं का असेना, आजारपण ते आजारपण.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आसपासच्या गोठ्यांतून शेण आणून पाण्यात कालवून टाकीत सोडू लागलो. गूळ विरघळवून तोही घालत होतो. ऑपरेटर म्हणे, "पोळा औंदा दोनदा आला मॅडम. झुली तेवढ्या राहिल्या." पण गटारातून साबण आणि ॲसिड येतच होतं. घट बसले तरी काही बायकांचं धुणं संपत नाही, आणि दसऱ्याच्या आधी दुसरा हात फिरवणाऱ्या वेगळ्याच. एका हाताने दूध पाजायचं आणि दुसऱ्या हाताने विष. मी चिडून चिडून बारीक झाले.

त्याच आठवड्यात भुलाबाई आमच्या घरी गायची पाळी आली. गल्लीतल्या पोरी, त्यांच्या आया, सगळ्या जमल्या. गाणी झाली. सासूबाई खाऊचा डबा आणायला उठल्या, आणि मी म्हणाले, "थांबा आई. आज खाऊ माह्या हातचा."

मागच्या एका टाकीत थोडा जुना गाळ धड राहिला होता. तो मी बाटलीत घट्ट बंद करून आणला होता आणि बाटली स्टीलच्या डब्यात ठेवली होती. डबा फिरायला लागला. पोरींनी हलवला. आतून डुबुक डुबुक आवाज आला.

"पातळ हाये वं! बासुंदी!"

"नाही."

"कढी! आमटी! ताक!"

"नाही, नाही, नाही."

एका आगाऊ पोट्टीने फटीला नाक लावून लांब श्वास घेतला. "काकू, मातीचा वास येते."

"बरोबर ओळखत आलीस," मी म्हणाले आणि डबा उघडून बाटली वर धरली. काकवीच्या रंगाचा गाळ खाली बसला होता आणि वर स्वच्छ पाणी. "हा खाऊ नाही. हे खाणारे आहेत. तुमच्या साऱ्यांच्या घरून जे काही जातं ते सगळं हे खातात."

मग कोणाला तरी नेमकं काय जातं ते उमगलं आणि असा गिल्ला झाला की विचारता सोय नाही. पोरी किंचाळल्या, आया "शी वं माय" करत मागे सरकल्या, आणि हसता हसता एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी सासूबाईंकडे पाहिलंच नाही. त्यांनी इतकी वर्षं चिवड्याखाली झाकून ठेवलेली गोष्ट मी भर बैठकीत उघडून दाखवली होती. मला वाटलं, आता चिवडा नाही, डबाच डोक्यात बसतो.

सासूबाई उठल्या. बाटली हातात घेतली, उजेडाशी धरली, आणि बायकांना म्हणाल्या, "हे मेले त माही भुलाबाई बादलीत जाते. म्हून सांगतो. ज्या घरच्या मोरीत ॲसिड, फिनाईल पडलं, त्या घरी आमी भुलाबाई गायले येनार नाई. अन् त्या घरचा खाऊ कोनी वळखनार नाई."

भुलाबाईच्या महिन्यात यापेक्षा मोठी शिक्षा नाही. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत राख, लिंबू आणि खराटा सुरू झाला. आगाऊ पोट्टी घरोघरी मोरीला नाक लावून फिरायची आणि संशय आला की सासूबाईंकडे चहाड्या सांगायची. किड्यांचं नाव पोरींनी 'खादाड' ठेवलं होतं. शाळेतून येता येता मला विचारायच्या, "काकू, खादाड जेवले का?" सासूबाई मात्र बाहेर कोणी विचारलं तर अजूनही तेच सांगत होत्या. भाजीवाल्या बाईशी बोलताना मी या कानांनी ऐकलं: "पान्यात हाये सून."

एका गल्लीच्या फिनाईलने शहराचं पाणी बदलत नाही, हे मला कळतं. मी केमिस्ट आहे, भोळी नाही. धुण्याचे दिवस संपले, साबण आपोआप कमी झाला, शेणागुळाने काम केलं. पण हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. दसऱ्याच्या सुमाराला फेस उतरला. मग एका सकाळी जारमधला ढग खाली खाली बसत गेला. मी ऑपरेटरला हाक मारली. तो वाकला, बघितलं, जारला नाक लावलं आणि मोठ्याने ओरडला, "चरले मॅडम! चरले!" आम्ही दोघं त्या टाकीच्या कठड्यावर उभे राहून वेड्यासारखे हसलो.

तरी नदी म्हणजे जार नाही. जे गढूळ गेलं होतं ते कुठे किती साचलं असेल, खाली सासूबाईंच्या माहेरापाशी काय असेल, मला ठाऊक नव्हतं. आधी एकटीने जाऊन बघून यावं असं शंभरदा मनात आलं. गेले नाही. भीती वाटली, दुसरं काय.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही काळीपिवळीत बसून निघालो. पुढे सासूबाई, मांडीवर परातीत भुलाबाई आणि भुलोजी, बिनरंगाच्या मातीचे. मागे गल्ली. पोरी गात होत्या, मी सोडून सगळ्या खुशीत होत्या. गावाच्या अलीकडे बाभळींपाशी रस्ता नदीला लागतो. पूर्वी तिथूनच वास सुरू व्हायचा, हे सासूबाईंनी मला कितीदा सांगितलं होतं. बाभळी आल्या. सासूबाईंचा हात सवयीने पदराकडे गेला.

गाडी वळली. नदी दिसली. काठावर त्यांची मैत्रीण आणि गावातल्या पोरी उभ्या होत्या. सासूबाई खाली उतरल्या, पदराचं टोक हातात तसंच धरून काठापर्यंत गेल्या आणि थांबल्या. लांब श्वास घेतला. पाणी वाहत होतं, फार नाही, घोटा ते गुडघा, पण तळाचे गोटे दिसत होते आणि त्यांच्यावर उन्हाची जाळी हलत होती. पलीकडच्या काठावर कोणाची तरी म्हैस निवांत बसली होती. वास होता तो तिचाच.

सासूबाईंनी पदर कमरेला खोचला, परात उचलली आणि सरळ पाण्यात शिरल्या.

मग काय, पोरी उड्या मारतच मागे गेल्या. गाणी सुरू झाली. गावच्या पोरी आणि जठारपेठेच्या पोरी चढाओढीने गात होत्या. सासूबाईंनी भुलाबाई पाण्यात धरली, हळूहळू बुडवली, आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. माती सुटत गेली तशी तिच्याकडे बघत राहिल्या. मी काठावर उभी राहून रडत होते आणि हसतही होते. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, नवऱ्याने वाचलं तर वाचू दे.

मैत्रीण पाण्यातून त्यांच्याजवळ गेली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुही सून पान्यात हाये ना वं? हे तिनंच केलं का मंग?"

मी चिवड्याची वाट पाहिली. पण नदीत चिवडा नव्हता.

"पान्यात काहाची," सासूबाई सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "साऱ्या अकोल्याचा गू साफ करते माही सून! तवा कुठी हे पानी असं दिसून राहिलं. अन् हे सांगजो साऱ्या गावाले."

गाणं थांबलं. पोरी फिदीफिदी हसल्या, आगाऊ पोट्टी तर खालीच बसली पाण्यात. सासूबाईंनी परात हलवून धुतली, काखेत मारली आणि माझ्याकडे पाहून ओरडल्या.

"अन् तू काठावर कावून उभी हाय वं? ये ना पान्यात!"

मी चपला काढल्या आणि गेले.